पोरांचा खोका

रूपेशला बाटलीचं झाकण उघडेना. दोनदा दात लावून पाहिले, तिसऱ्यांदा ओठ कापला. मांडवामागची बाकीची पोरं खो-खो हसली.

शेवटी त्याचा बाप, नामा, स्वतः उठून आला. ताईची हळद म्हणून रूपेश सकाळपासून राबला होता. मांडवाला आंब्याचे डहाळे बांधले, खुर्च्या मांडल्या, पाण्याचे जार वाहिले. हळदीला राबणाऱ्या पोरांना बिअरचा एक खोका द्यायचा, ही इकडची गावोगावची रीत. मांडवामागे बर्फ घातलेलं निळं पिंप ठेवतात. मोठी माणसं तिकडे बघत नाहीत आणि पोरांना आपण मोठे झालो असं वाटतं. रूपेश यंदा दहावीत. पिंपाशी उभं राहायची त्याची ही पहिलीच वेळ.

नामानं झाकण उडवलं आणि बाटली लेकाच्या हातात दिली. "घे रं, राबलास ना. बिअर हाय, दारू नाय."

नामा स्वतः थेंबाला शिवत नसे. त्याच्या लेकीची, समिधाची, लग्नासाठी एकच अट होती. नवरा निर्व्यसनी हवा. मामाचं पिणं आणि अडतिसाव्या वर्षी मरणं तिनं जवळून पाहिलं होतं. त्या अटीपायी नामानं वर्षभर नऊ गावं पालथी घातली. बायोडेटावर सगळेच निर्व्यसनी असतात. म्हणून हा खोपोलीपासून खालापूरपर्यंत पानटपऱ्यांवर आणि वाइनशॉपच्या काउंटरवर पोरांचे फोटो दाखवत हिंडला. चौदा स्थळं नाकारली. शेवटी पार कर्जतच्या पलीकडे एक मुलगा सापडला. आज सकाळपासून भेटेल त्याला नामा हेच ऐकवत होता.

हळद लागलेल्या नवरीनं मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नसतं. समिधानं टाकलं. मागून बायका ओरडल्या, "अगं ए, कुठं चाललीस?" तिनं वळूनही पाहिलं नाही. बाटली ओठांना लागणार तोच तिनं रूपेशचं मनगट धरलं. त्याच्या नव्या शर्टाच्या बाहीवर हळदीची पाच बोटं उमटली. तिला राग आला नव्हता. तिला भीती वाटली होती.

"आजच्या दिवशी अडवू नको गं," नामा हसत म्हणाला. "एका बाटलीनं पोरगा बिघडत नाय."

"आबा, माझ्यासाठी किती गावं हिंडलात तुमी?"

नामानं सकाळपासूनच्याच तोऱ्यात सांगितलं, "नऊ! नऊ गावांत एक पोरगा धड मिळंना."

समिधानं रूपेशकडची बाटली काढून नामाच्याच हातात परत दिली.

"मिळंल कसा, आबा? त्या नऊ गावांत पण हळदी होतातच की."