कशी वाटली गाडी?

इंजिनाच्या दुरुस्तीत जावईबापूंचा अख्खा पगार गेला होता. त्यामुळे सासूबाईंना स्टेशनवरून घरी आणताना ते मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "आता बघाच, आई. लोण्यासारखी चालते!" एरवी सासूबाई त्या गाडीला सरळ भंगार म्हणायच्या, पण आज प्रवासानं दमल्या होत्या. मागच्या सीटवर बसल्या बसल्याच त्या पेंगायला लागल्या.

अर्ध्या वाटेत गाडी दोनदा खोकली आणि कायमची गप्प झाली. जावईबापूंनी धास्तावून मागे पाहिलं. सासूबाईंचे डोळे मिटलेलेच होते. मग ते चोरपावलांनी उतरले, तोंडावर बोट ठेवूनच एक टेम्पो थांबवला, दोरी बांधून घेतली आणि पुन्हा ऐटीत स्टिअरिंग धरून बसले.

घरासमोर टेम्पोवाल्यानं दोरी सोडली, तेव्हा कुठं सासूबाईंनी डोळे उघडले.

"कशी वाटली गाडी, आई?"

"झकास हो! ना आवाज, ना धक्का. मीच उगाच नावं ठेवत होते."

जावईबापूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी अदबीनं दार उघडलं. सासूबाई पर्स सावरत उतरल्या आणि म्हणाल्या, "त्या टेम्पोवाल्यालाही चहाला वर बोलवा. एवढ्या लांबून ओढत आणलंय बिचाऱ्यानं आपल्याला."