मागच्या भिंतीचा धोपा

बुधाजी मिस्त्रीनं धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, गड्ड्यात टिकाव मारला आणि हात थांबवला. टिकावाचं पातं ओलं निघालं होतं.

मे महिना. बार्शीटाकळीत जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. घराच्या तीन बाजूंनी पाइपासाठी चर खणून झाला होता आणि तिन्ही बाजूंची काळी माती दगडासारखी निघाली होती. मागच्या खोलीच्या बाजूला तेवढा चिखल.

"स्वप्निल, नळाची लाइन हाये का इथून?"

"नाही. नळ समोरून येते."

"तिथं ओलच राह्यते," स्वप्निलची आई म्हणाली. ललिता दारात सूप घेऊन बसली होती. खणण्याआधी काढून घेतलेली धोप्याची पानं पुसून रचत होती. "वैशाखातबी पानी द्या लागत नाही. याचे बाबा म्हनत, जागेले बरकत हाये."

गेल्या पावसाळ्यात तिथलीच भिंत बसली. स्वप्निलचे वडील धर्मपाल आत झोपले होते. त्या भिंतीला दरवर्षी तडा जायचा आणि दर दिवाळीला ते त्यात सिमेंट भरायचे. काळ्या मातीवरची घरं तडकतात; त्यात गावात कुणाला नवल वाटत नव्हतं. आता भिंतीच्या जागी पत्रा उभा होता. उरलेलं घर वाचवायचं तर छपराचं आणि न्हाणीचं सगळं पाणी बंद पाइपातून मागच्या नाल्यात सोडा, असं बुधाजीनंच सुचवलं होतं. नाल्यापर्यंतची पडीक जागा शेजारच्या भगवंतरावांची. त्यांनी एका शब्दावर हो म्हटलं होतं. भिंत पडली तेव्हा विटा उपसायलाही तेच सर्वांत आधी धावले होते.

बुधाजीनं गड्डा उपटला आणि हातानं चिखल बाजूला केला. खाली राखाडी पाइप होता. भगवंतरावांच्या कुंपणाच्या भिंतीखालून येऊन पायाच्या दगडापाशी संपलेला. तोंड उघडं. पुढं काही जोडलेलं नव्हतं.

"हा कोनाचा?"

तेवढ्यात पाइप घुरघुरला. आधी फेस आला, मग पाणी. ते पायाच्या दगडावर आपटून चरात पसरलं. चंदनाच्या साबणाचा वास सुटला.

वास अजून होता तोच भगवंतराव कुंपणापाशी आले. खांद्यावर टॉवेल, ओले केस मागे फिरवलेले.

"काय बुधाजी, जेवाच्या आत आवरते का?"

बुधाजीनं पाइपाकडे बोट केलं. भगवंतरावांनी वाकून पाहिलं. टॉवेलानं मान पुसली.

"न्हानी बांधली तवाचा असन. मिस्त्रीनं टाकला."

"शोषखड्डा कुठं हाये, काका?" स्वप्निलनं विचारलं.

"खड्ड्याले माह्या इकडं जागा कुठं होती? मिस्त्री म्हने, तिकडं धोपा हाये, झाडाले पानी कामीच येईन."

स्वप्निल फावड्यासकट चरातून वर आला. "माहा बाप मेला इथं."

"मंग? म्या मारला का? काळी माती हाये, बाप्पा. तडे तं माह्याबी भिंतीले हायेत." ते ललिताकडे वळले. आवाज मऊ झाला. "वयनी, पोराले समजवा. मेलेलं मानूस वापस येत नाही. तुमची लाइन माह्या जाग्यातून जाऊन राहिली, म्या आडवा आलो का? नाही आलो. आता चर खंदलाच हाये, तं माहं पानीबी त्यातच जोडून घ्या. दोघायचंबी काम होते."

ललितानं सुपाकडे पाहिलं. पानं लीलाबाईंसाठी होती, भगवंतरावांच्या बायकोसाठी. त्या दर आठवड्याला धोपा मागून नेत. ललितानं केलेल्या वड्या मात्र त्यांनी कधी नेल्या नव्हत्या.

"किती वर्सं झाले, भाऊ, न्हानी बांधून?"

"पिंकीचं लगन झालं त्या साली." पिंकी ललिताची मुलगी. लग्नाचा मांडव भगवंतरावांच्याच अंगणात होता.

"आई, याहीचं पानी अडव," स्वप्निल म्हणाला. "पाइपात दगड ठोकतो. येऊ दे याहीच्याच न्हानीत वापस."

"ठोक," भगवंतराव म्हणाले. "मंग तुमचं कुठून नेतं?"

बुधाजी पाइपाचा तुकडा हातात धरून ललिताकडे पाहत राहिला. ललितानं पत्र्याकडे पाहिलं, मग छपराकडे.

"जोडा, बुधाजी."

"आई!"

"मिरग तोंडावर हाये. उरलं तेवढं तं उभं राहू दे."

तिनं सूप चरावर उलटं केलं. पानं चिखलात पडली. एक पाण्यावर फिरत पायाच्या दगडाला जाऊन चिकटलं.

"मी रातच्यालाच सांगीन लीलाले, वयनी लय समजदार हाये," म्हणत भगवंतराव आत गेले.

दुपारपर्यंत भगवंतरावांचा पाइप नव्या लाइनला जोडला गेला. सांध्याला लावलेलं सोल्युशन वाळू दिलं. मुरूम भरून बुजवण्याआधी उतार तपासायचा होता. बुधाजीनं पाण्यानं भरलेली बादली घेतली आणि वरच्या टोकाला जाऊन उभा राहिला. स्वप्निल पडीक जागा ओलांडून नाल्यात उतरला, पाइपाच्या तोंडाशी बसला.

शेजारी न्हाणीत लीलाबाईंनी भांडी घासायला घेतली होती.

पाइप घुरघुरला. फेसाळ पाणी स्वप्निलच्या पायांवर पडलं. त्यात भाताची चार शितं होती. त्यानं पाय मागे घेतले नाहीत.

"आलं," तो ओरडला.

वर बुधाजीनं हातातल्या बादलीकडे पाहिलं. ती काठोकाठ भरलेलीच होती.