लाल सिग्नल

सिग्नल लाल झाला तसा बाप पहिलीतल्या लेकीचा हात धरून रस्ता ओलांडू लागला. तेवढ्यात एका पार्सलवाल्याची मोटारसायकल सिग्नल तोडून आली आणि लेकीच्या दप्तराला घासून पुढे जाऊन थांबली.

बापाचं डोकंच फिरलं. लेकीला फूटपाथवर उभं करून त्याने पार्सलवाल्याला कॉलर धरून खाली खेचलं आणि तोंडावर ठोसे घालायला सुरुवात केली.

"चुकलं साहेब, माझंच चुकलं," तो म्हणत राहिला. ओठ फाटला, नाकातून रक्ताची धार लागली, तरी बापाचा हात थांबेना.

"पोरगी गेली असती माझी, समजतंय का तुला?"

अचानक पार्सलवाल्याने बापाला जोरात ढकललं आणि तो पळत सुटला. त्याला धरायला बाप वळला आणि जागीच थिजला. भेदरलेली लेक बापाकडे यायला भर रस्त्यात उतरली होती आणि समोरून बस येत होती.

पार्सलवाल्याने तिला उचलून फूटपाथवर अंग झोकून दिलं. बस करकचून ब्रेक लावत पुढे जाऊन थांबली.

बाप धावत पोचला. लेकीचा पांढरा शर्ट रक्ताने माखला होता.

"तिला काही झालं नाही, रक्त माझं आहे," पार्सलवाला धापा टाकत म्हणाला.


"आधी तिला शाळेत सोडून या, साहेब. राहिलेलं मग मारा."