बाहेरची फ्लॉपी

एकोणनव्वद साली सदर भागातल्या भैयाजींच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला आणि दोनच महिन्यांत अडून बसला. कुठलीच फ्लॉपी वाचेना. पेपरात व्हायरसबद्दल छापून आलं होतं, त्यामुळे सारा संशय ऑपरेटर देवकीवर गेला.

“बाहेरची फ्लॉपी घातली का वं?” भैयाजींनी विचारलं.

“नाही जी. पोराची शपथ.”

“इंजिनिअर सांगनच. व्हायरस निघाला तर उद्यापासून येऊ नको.”

इंजिनिअर मशीन उघडून बसला. काचेच्या एसी केबिनमध्ये देवकी आणि भैयाजी त्याच्यामागे उभे होते. काचेपलीकडे सारं ऑफिस काम सोडून उभं होतं.

“व्हायरस-गियरस काही नाही,” इंजिनिअर म्हणाला आणि ब्रशनं लाल-पिवळी पूड कागदावर झाडली. “हे पाहा, फ्लॉपीच्या फटीत हळद-कुंकू भरलंय. पूजा कोणं केली?”

देवकीचा जीव भांड्यात पडला. दसऱ्याची पूजा भैयाजींनी कोणाला हात लावू न देता स्वतः केली होती.

भैयाजींनी काचेबाहेरच्या माणसांकडे पाहिलं. मग देवकीकडे न बघता इंजिनिअरला हळूच म्हणाले, “बाहेर व्हायरसच सांगजा जी.”