आणखी तीन किलो

कांताने चपला काढल्या, बांगड्या काढल्या, केसांतली पिनसुद्धा काढली आणि काट्यावर चढली. पंच्याहत्तर! मेला काटा महिनाभर तिथंच ठाण मांडून बसला होता.

"बहात्तर झाल्याशिवाय तुमची किडनी घेता येणार नाही, कांताबाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि यजमानांना फार दिवस डायलिसिसवर ठेवणं बरं नाही."

"पुढच्या महिन्यात बहात्तर. लिहून ठेवा," कांता म्हणाली. दाराशी टेकवलेल्या दोन्ही काठ्या उचलून ती परळच्या फुटपाथला लागली.

काठ्या म्हाताऱ्या माणसाच्या नव्हेत बरं का! चालण्याच्या व्यायामाच्या, रबरी टोकांच्या, मुलाने, अमितने, पुण्याहून पाठवलेल्या. पाऊल पुढे टाकायचं, काठी मागे रेटायची. पायांबरोबर हात, खांदे, पाठ, सगळ्यांना कामाला लावायचं. भोईवाड्यातल्या मैदानाला ती रोज सकाळी दहा फेऱ्या मारी, त्याही अशा झपाझप की क्रिकेटवाले बॉल थांबवून तिला वाट देत. पहिल्या दोन महिन्यांत सहा किलो उतरले होते. सीतारामला, तिच्या नवऱ्याला, तिने गुडघेदुखीचं निमित्त सांगितलं होतं. खरं कळलं असतं तर त्या हट्टी माणसाने हॉस्पिटलची पायरी चढणंच सोडलं असतं.

घोडं अडलं होतं ते चाळीपायी. दोन काठ्या बघून सगळ्यांना वाटतंय कांता खचली, अशी तिची समजूत. सुभद्राकडून पायाचं सूप, मालनकडून खोबऱ्याच्या वड्या, रोज कुणाची ना कुणाची वाटी दारात. आणि आलेली वाटी परत पाठवायची रीत या चाळीत नव्हती. सीतारामला मीठ, नारळ, डाळ सगळंच बेताचं. म्हणजे वाटी आली की ती कांताच्याच पोटात.

आज ती घरात पाय ठेवते न ठेवते तोच शेजारच्या सुंदराबाई शेवयांची खीर घेऊन हजर. वर तूप तरंगत होतं.

"सुंदराबाई, पुरे आता," कांताने हात जोडले. "या काठ्या व्यायामाच्या आहेत. मी ठणठणीत आहे."

"काठ्यांचं कोण बोलतंय गो?" सुंदराबाई म्हणाल्या. "सीतारामभाऊच दारोदार सांगून गेले. कांताला अशक्तपणा आलाय, ती बोलायची नाही, काहीतरी पौष्टिक पाठवत जा म्हणाले."

कांताने खाटेकडे पाहिलं. सीताराम भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"महिना झाला. तू मैदानात होतीस, तुझा फोन वाजला. हॉस्पिटलवाले होते, किडनी देणाऱ्या बाईंचं वजन उतरलं का, विचारत होते." तो अजून वळला नव्हता. "तुला फाडलेली मला नाही बघवायची, कांता. जाड राहा, पण धड राहा."

कांताला असा राग आला की एक काठी हाणावीशी वाटली. आणि त्याच वेळी असं भरून आलं की पदर डोळ्यांना लावावा लागला. बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने इतकं मायेचं कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण महिना फुकट घालवला होता बाबाने! तिने नाक पुसलं आणि खिरीची वाटी सुंदराबाईंकडेच परत लोटली.

"ही घरी न्या. आणि चाळभर सांगा, कांताला अशक्तपणा नाही. कांता नवऱ्याला किडनी देतेय. तीन किलो राहिलेत, तेव्हा वाट्या बंद."

"कांता, तोंड आवर!" सीताराम ताडकन उठून बसला.

सुंदराबाई केव्हाच गॅलरीत पोचल्या होत्या. "मालन, ऐकलंस काय गो?" आवाज जिन्यापर्यंत गेला.

कांताने पुन्हा काठ्या उचलल्या.

"मी आणखी एक फेरी मारून येते," ती म्हणाली. "आता चारी मजले तुम्हाला विचारायला येतील, ऑपरेशन कधी म्हणून. त्यांना नाही म्हणून दाखवा."