दोन घास

ऑफिसात तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारे आबा वारले, त्याला महिना झाला होता. सॉफ्टवेअर नीट चालतंय का ते तपासायला त्यांनी लिहिलेल्या नऊशे चाचण्या आता तिच्या गळ्यात पडल्या होत्या. सुरू होण्याआधी प्रत्येक चाचणी नव्यानं विचारायची, डेटाबेस चालू आहे का? आबांचा स्वभावच तसा. तिलाही दिवसातून दहादा विचारायचे, "पोरी, जेवलीस का?"

तिनं ती सगळी विचारपूस काढून टाकली. सुरुवातीला एकदाच तपासायचं आणि उत्तर लक्षात ठेवायचं. तासाभराचं काम पाच मिनिटांवर येणार होतं.

दुपारी तिनं बटण दाबलं.

डेटाबेस: आहे.
नेटवर्क: आहे.
डबा: खाल्लेला नाही. चाचण्या थांबवल्या.

ही ओळ तिनं लिहिली नव्हती. सगळा कोड धुंडाळला, तर 'डबा' हा शब्दच कुठे नव्हता. कुणी चेष्टा करतंय म्हणावं, तर बाकीचे सगळे जेवायला गेले होते. तिला हसू आलं, डोळेही भरून आले. "बरं आबा, खाते," म्हणत तिनं घाईघाईनं दोन घास पोटात ढकलले, झाकण लावलं आणि पुन्हा बटण दाबलं.

डेटाबेस: आहे.
नेटवर्क: आहे.
डबा: दोनच घास. झाकण उघड, पोरी.