आठ तारांचं कीर्तन

"बसला!" देवळातल्या कॅमेऱ्यात वायरचं टोक खोचून वामनरावांनी टाळी वाजवली. उभी हयात टेलिफोन खात्यात गेलेली; समोरच्या आपल्या घरातून ही इंटरनेटची वायर त्यांनीच ओढून आणली होती. घरी खुब्याचं हाड मोडून पडलेल्या त्यांच्या पत्नीला, गोदाकाकूंना, आजचं कीर्तन टीव्हीवर दिसायला हवं होतं. छत्तीस वर्षांत त्यांनी एकही कीर्तन चुकवलं नव्हतं. टीव्ही मात्र काळाच राहिला आणि इकडे पूर्वरंग संपला.

मध्यंतराचं भजन सुरू झालं. लोक बुवांना बुक्का लावायला उठले, तसा तबलजी वायरकडे धावला. दिवसा तो ऑफिसांमधून हेच काम करायचा.

"काका, हा फोनचा कनेक्टर! चार तारांचा. वायरीत आठ होत्या ना?"

"उरलेल्या चार छाटल्या. आमचं कधी अडलं नाही!"

"धन्य आहात!"

त्याने टोक कापलं, आठही तारा रंगांच्या क्रमाने लावल्या आणि मोठा कनेक्टर चिमट्याने दाबून बसवला. तेवढा वेळ बुवांनी भजन असं ताणलं, की टाळकऱ्यांचे हात भरून आले.

वामनरावांचा मोबाइल वाजला. त्यांनी तो बुवांच्या माइकपाशी धरला.

"दिसताय हो बुवा! अगदी स्वच्छ."

"देव पावला, काकू. मग करू उत्तररंग सुरू?"

"आणि पूर्वरंग? तो मला कोण सांगणार?"

देवळात हशा पिकला. चपला शोधायला निघालेले दोघे मुकाट्याने परत येऊन बसले. बुवांनी उपरणं सारखं केलं आणि हात जोडून पुन्हा नमनाला सुरुवात केली.